मिस्तरींची डिव्हिजन

मिस्तरी कोणाच्याही घरात शिरण्याआधी छत ठोकून बघत. त्यांच्या हातातल्या बांबूच्या काठीला खालून लोखंडी टोपण बसवलेलं होतं. काठी उलटी धरायची, त्या टोपणानं आधी चौकटीचं वरचं लाकूड ठोकायचं, मग हात पोहोचेल तिथलं छत, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. एकदा सोयरिकीच्या बैठकीला त्यांनी मुलीकडच्यांचं छत असंच ठोकलं आणि भर माणसांत जाहीर केलं, "पोकळ बोलून राह्यलं, बावा. पोहे आंगनातच द्या." मुलीकडचे तीन महिने रुसून होते. ते छत आजही उभं आहे. मिस्तरींना त्याचं काही वाटत नसे. "पडलं नाई म्हंजे पक्कं हाये, असं थोडीच हाये," म्हणायचे.

मिस्तरी म्हणजे टिंबर मिस्तरी. आमच्या सौंसरकडे वर संत्र्यांचे बगीचे आणि खाली मँगनीज. खाणीत छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू ठोकायचे, हे टिंबर मिस्तरीचं काम. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या ज्या वर्षांत मी त्यांना ओळखू लागले, तेव्हा त्यांना खाण सोडून बराच काळ झाला होता. छातीत धूळ बसली होती. दोन वाक्यांनंतर ते थांबत, खोकत आणि तिसरं वाक्य बोलायचं की नाही ते ठरवत. त्यामुळे त्यांचं बोलणं नेमकं झालं होतं, आणि बरेचदा उद्धट.

मी तेव्हा सौंसरच्या वाचनालयात नवी नोकरीला लागले होते. एक खोली, तीन कपाटं, दोन बाकं आणि मी. पहिल्याच दिवशी हे गृहस्थ दारात आले आणि त्यांनी सरकारी छत ठोकायला सुरुवात केली. मी ओरडले, "अहो बाबा, हे काय चाललंय?" त्यांनी ऐकणं पूर्ण केलं आणि म्हणाले, "छत बरं हाये. बसा तुमी, बाई." जणू त्यांच्या परवानगीसाठी मी खोळंबून उभी होते.

ते आले होते एका पुस्तकासाठी. रशियन पुस्तकांची गाडी गावोगाव फिरायची, तिच्याकडून आमच्याकडे एक गठ्ठा आला होता. कागद असा गुळगुळीत की शाळेतली मुलं वह्यांना कव्हर घालायला मागायची. वाचायला कोणी मागत नसे. त्यात एक हिंदी पुस्तक खाणकामगारांच्या डिव्हिजनबद्दल होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा चालून येत होत्या, तेव्हा दोनबास नावाच्या कोळशाच्या मुलखात खाणीतल्या माणसांना बाहेर बोलावून पायदळाची एक डिव्हिजन उभी केली होती. महिन्याभराची तयारी, की निघाली लढायला. हे पुस्तक आल्याची बातमी मिस्तरींपर्यंत कोणी पोहोचवली कोण जाणे. "खदानवाल्यायची किताब आली म्हनते," ते म्हणाले. "वाचून दाखवा. मले आकडे येते, अक्षरं नाई येत."

मी नोकरीत नवी होते, म्हणून वाचून दाखवलं. जुनी झाले असते तर नियम दाखवला असता. मग दर गुरुवारी दुपारी तीनला मिस्तरी येऊ लागले. छत ठोकायचं, बाकावर बसायचं, काठी मांडीवर आडवी ठेवायची आणि म्हणायचं, "हं. कुठी होते आपले लोक?" दोनबासचे ते लोक पहिल्या गुरुवारीच त्यांचे लोक झाले होते.

ऐकताना ते असे प्रश्न विचारत की लेखकाची पंचाईत व्हावी. पुस्तकात तोफा गर्जत असत आणि मिस्तरी मला थांबवत. "इतके लोक वरत आले, तं खालचं पानी कोन उपसून राह्यलं? खदान आठ दिवस सोडली का भरते." कुठे थंडीचं वर्णन आलं की विचारत, "खदानीतल्या मानसाले उजेड सहन होत नाई पह्यले पह्यले. त्याचं लिहिलं काय?" लिहिलेलं नसे. पुढे ती डिव्हिजन कॉकेशसच्या डोंगरांत लढली, तेव्हा मात्र ते खूश झाले. डोंगर म्हणजे काय, खाणच, फक्त वरून, असं त्यांचं मत पडलं.

पुस्तकात एक फोटो होता. तीन रांगांत उभे राहिलेले, कामाचेच कपडे घातलेले लोक. मिस्तरी प्रत्येक डोक्यावर बोट ठेवून मोजत. दर गुरुवारी मोजत, जणू आठवड्यात एखादा कमी झाला असेल. काहींना त्यांनी आपल्या खाणीतल्या माणसांची नावं दिली होती. डाव्या टोकाला एक जण होता, फोटो घेताना त्यानं मान वळवलेली, त्यामुळे चेहरा पुसट आलेला. त्याच्यावर बोट ठेवून ते म्हणत, "आन हा किसन." मग पुस्तक मिटायला सांगत. किसन कोण, हे मी विचारलं तर त्यांना नेमका खोकला येई.

आणखी एका पानापाशी ते अडत. लढाई संपली आहे, उरलेले लोक रांगेत उभे आहेत आणि हजेरी घेतली जाते. एक नाव पुकारलं जातं. तो माणूस नाही. त्याच्या जागी शेजारचा उत्तर देतो. इथपर्यंत मी वाचलं की मिस्तरींची काठी फरशीवर आपटली. "बस. दुसऱ्याची हजेरी दुसऱ्यानं नाई लावाची!" मी म्हटलं, अहो, पुढे ऐका तरी. पण ते उठले, चप्पल घातली आणि गेले. पुढच्या गुरुवारी म्हणाले, ते पान सोडून वाचा. मी सोडलं. मनात म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहे.

विक्षिप्तपणाचा दुसरा पुरावा सगळ्या गावापुढे होता. खाणीत माणसं कमी केल्यावर बऱ्याच जणांनी विहिरींचं काम धरलं होतं. उन्हाळ्यात बगिच्यांच्या विहिरी आटत, मग सुरुंग लावून त्या खोल करायच्या. मोहगावचा दिलीप सुरुंगाच्या कामात तरबेज होता, वय वीस-बावीस, बोलायला तिखट. त्याचं काम जिथे चालू असेल तिथे मिस्तरी हजर. मोहगाव, बोरगाव, कुठेही. बसनं, बैलगाडीनं, नाहीतर पायी. मजुरी घेत नसत. विहिरीच्या कडेला उभे राहून उतरणारी माणसं मोजत, चढणारी मोजत. लोक हसून म्हणत, निघाली मिस्तरींची डिव्हिजन. दिलीपचं डोकं फिरे. "माह्या बापाची जागा घेऊन राह्यला काय, मिस्तरी?" असं तो एकदा सगळ्यांसमोर बोलला होता. मिस्तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर उभे.

विहिरीसाठी त्यांनी एक नियम केला होता. खाली उतरणाऱ्यानं आपली चप्पल काठावर रांगेत काढून ठेवायची. वर आला की आपली चप्पल आपणच घालायची आणि घालताना मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. काठावर एक जरी जोड असला तरी सुरुंग उडवायचा नाही. सुरुवातीला सगळे हसले, मग सवय झाली. मिस्तरी नसले तरी चपला रांगेत लागत. "ज्याची चप्पल त्यानंच घालाची," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की लहान मुलं त्यांच्यामागून ओरडत जायची.

एप्रिलच्या एका गुरुवारी त्यांनी पुस्तक मागितलंच नाही. म्हणाले, चिठ्ठी लिहायची आहे. मी कागद घेतला. कोणाला? "मोहगावच्या शेवंताबाईले. दिलीपची माय." एवढं म्हणून त्यांनी शर्टाच्या आतून एक दोरा बाहेर काढला. त्याला पितळेचा एक गोल बिल्ला होता, झिजलेला, त्यावर आकडा त्रेसष्ट. "माहा बासष्ट व्हता," ते म्हणाले. "हा किसनचा. दिलीपच्या बापाचा." आणि मग छातीची परवानगी असेल तेवढ्या तुकड्यांत त्यांनी सांगितलं.

खाणीत उतरताना प्रत्येकानं फळ्यावरचा आपला बिल्ला घ्यायचा आणि वर आल्यावर परत टांगायचा. फळा भरला म्हणजे खाली कोणी नाही. मग सुरुंग उडवायचे. पण पाळी सुटताना फळ्यापुढे रांग लागे. म्हणून मागे राहिलेला आपला बिल्ला पुढे निघालेल्याच्या हातात देई, माझाही टांग, म्हणे. रोजचा शिरस्ता होता, दोस्तीचाच भाग. त्या दिवशी किसन म्हणाला, तू हो पुढं, मी हे एक लाकूड ठोकून आलोच. मिस्तरींनी वर जाऊन दोन बिल्ले टांगले. बासष्ट आणि त्रेसष्ट. वाटेत त्यांना कोणीतरी चहाला थांबवलं. इकडे फळा भरलेला दिसला आणि सुरुंग उडवले.

"चौकशी झाली," मिस्तरी म्हणाले. "बिल्ला तं फळ्यावर व्हता. मंग लिहिलं का मानूस वरत आला, बिल्ला टांगला आन आपल्या मनानं परत खाली गेला. आपल्या चुकीनं मेला. मले इचारलं. मी मुंडी खाली घातली."

मी विचारलं, किती वर्षं झाली? दिलीप तेव्हा मांडीवर होता, ते म्हणाले. मग ते त्या पुस्तकाकडे बघत राहिले. डिव्हिजनमधला कोणी मेला की सोबत्यांपैकी एक जण त्याच्या घरी चिठ्ठी लिही, तो कसा गेला ते कळवी, हे मी त्यांना जानेवारीत वाचून दाखवलं होतं. मी ते विसरलेही होते. त्यांच्या मनात ते तीन महिने रुतून बसलं होतं.

चिठ्ठी लिहायला चार गुरुवार लागले. लिहिलेलं ऐकायचे आणि म्हणायचे, फाडा. मी "दुर्दैवाने" असा शब्द घातला तर मला झापलं. "दैवानं नाई टांगला. म्या टांगला." शेवटी आठ-दहा ओळी उरल्या. त्या पक्क्या झाल्या त्या दिवशी त्यांनी घडी खिशात घातली, परत काढली आणि माझ्याकडे दिली. त्यांच्याजवळ राहिली तर कधी पोहोचणार नाही, असं म्हणाले. सोमवारी मोहगावजवळ एका बगिच्यात दिलीपचं काम होतं आणि सोमवारी माझी सुट्टी. मी चिठ्ठी घेऊन तिथे यायचं आणि तिथून दोघांनी शेवंताबाईंकडे जायचं, असं ठरलं. मला भीती वाटत होती. दिलीपला आधीच या म्हाताऱ्याचा राग; बापाचं कळल्यावर तो काय करेल, कोणी सांगावं?

मे महिना होता. बसमधून उतरून बगिच्यापर्यंत चालेस्तोवर माझ्या पायांना चटके बसले. विहीर चांगली रुंद होती, पन्नासेक फूट खोल, तळाला झऱ्याच्या दिशेनं एक आडवं भुयार खोदत नेलेलं. दोर ओढायची यारी लावली होती, तिच्या पाळण्यातून माणसं वर-खाली करत. घाई असली की कोणी कडेच्या खोबण्यांनीही चढून येई. सुरुंग भरून झाले होते. दिलीप वर येऊन लिंबाच्या झाडाकडे तार ओढत नेत होता. तिथे सुरुंग उडवायची बॅटरीची पेटी होती. मिस्तरी दिसले नाहीत. सुरुंगाच्या वेळी लाल फडकं घेऊन पायवाट अडवायला ते पलीकडे जात, हे मला कोणीतरी सांगितलं.

काठावर चार जोड चपला होत्या. ऊन असं की रबर मऊ पडलं होतं. मला वाटलं, बिचारे वर येतील आणि यात पाय घालतील. मी त्या उचलल्या आणि संत्र्याच्या झाडाखाली सावलीत नेऊन ठेवल्या. नियम मला माहीत होता. मिस्तरींच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. पण चपला उचलताना तो मला आठवला नाही. एक चांगलं काम करून राहिलेय, एवढंच मनात होतं.

पाळणा वर आला. माणसं उतरली, चटक्यांनी उड्या मारत सावलीत पळाली, हसली. मला कोणी तरी "बरं केलं, ताई" असंही म्हणालं. उड्या मारण्याच्या नादात नावं सांगायची राहिली. पाळण्याची दुसरी खेप घमेली आणि पहारी घेऊन वर आली. यारीवाल्याला वाटलं, राहिलेला खोबण्यांनी चढला. दिलीपनं लिंबाखालून काठाकडे नजर टाकली. काठ मोकळा होता. त्यानं हाळी दिली, "सुरुंग हाये रेऽऽ! बाजू व्हाऽऽ!"

तेवढ्यात मिस्तरी झाडांतून आले. लाल फडकं हातात होतं. त्यांनीही काठाकडे बघितलं आणि थबकले.

"नावं कुठी हायेत? म्या नावं नाई आयकली."

"चपला उठल्या, मिस्तरी," दिलीप ओरडला. "व्हा बाजूले. ऊन तापून राह्यलं."

"उठल्या का उठवल्या?"

मी म्हटलं, "मी ठेवल्या सावलीत." ते माझ्याकडे बघायलाही थांबले नाहीत. दहा पावलं चालली की बसणारा तो माणूस पळत सुटला, विहिरीकडे. काठावर जाऊन बसला आणि दोन्ही पाय आत सोडले.

"आता दाब," ते म्हणाले. "दाबाचं तं दाब."

दिलीपचा हात बॅटरीच्या दांड्यावर होता. त्यानं एक शिवी दिली. "उठा, मिस्तरी! सारे वरत हायेत!" मिस्तरींनी काठी उलटी केली आणि यारीच्या लोखंडी खांबावर टोपणानं तीन ठोके दिले. थांबले. मान तिरकी केली. पाखरंसुद्धा गप्प होती त्या उन्हात. पुन्हा तीन ठोके. मी संत्र्याच्या झाडाखाली बघितलं. तीन माणसांच्या पायांत चपला होत्या आणि एक जोड तिथेच पडलेला होता, टाचेशी खिळा ठोकलेला.

मग खालून आवाज आला. दगडावर लोखंड. एक, दोन, तीन.

पंढरी होता. भुयारात विसरलेली पहार आणायला परत आत गेला होता. तिथून वरची हाळी ऐकू येत नव्हती. पाळण्यातून तो वर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे असे बघत होते की तोच घाबरला. "काहून बे? काय झालं?" मिस्तरींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला. मग म्हणाले, "चप्पल घाल. नाव सांग." पंढरीनं चप्पल घातली आणि आपलं नाव सांगितलं. तेव्हा कुठे मी खाली बसले.

दिलीपनं तारा सोडवल्या. मग तो माझ्या अंगावर आला. जे बोलला ते मी लिहीत नाही. ते सगळं खरं होतं. मिस्तरी मध्ये आले. धाप लागलेली, ओठ निळे पडलेले. "बाईले नको बोलू. हे चांगल्या मनानंच होते, दिलीप. वाईट मनानं होत असतं तं मानूस सावध राह्यला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चिठ्ठी वाचा. इथीच."

मी म्हटलं, आत्ता? ते म्हणाले, आत्ताच. मी वाचली.

"शेवंताबाईंस जयभीम. किसन वर येऊन परत खाली गेला असं कागदावर आहे, ते खोटं आहे. किसन वर आलाच नाही. त्याचा बिल्ला मी टांगला. त्यानं दिला म्हणून टांगला, पण टांगला मी. मला विचारलं तेव्हा मी बोललो नाही. किसनची चूक नव्हती. तो छत नीट करत होता. त्याचा बिल्ला माझ्याजवळ आहे, तो आणून देतो. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मिस्तरींनी दोरा गळ्यातून काढला आणि बिल्ला दिलीपपुढे धरला. दिलीपनं तो घेतला नाही. लिंबाखालच्या त्या पेटीकडे तो कितीतरी वेळ बघत होता. म्हाताऱ्याला दोन मिनिटं उशीर झाला असता, तर आयुष्यभर काय गळ्यात बांधून फिरावं लागलं असतं, ते त्याला त्या वेळी दिसत असणार. मलाही दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "मायले तुमीच सांगा. मी नाई सांगत." आणि मिस्तरींना चालवेना म्हणून त्यांच्या काखेत हात घालून त्यानंच त्यांना मोहगावच्या वाटेला लावलं.

शेवंताबाई बगिच्याच्या कामावरून नुकत्या घरी आल्या होत्या. मिस्तरींनी त्यांच्या दारापुढे छत ठोकलं नाही. इतक्या वर्षांत मी तेवढं एकच छत न ठोकलेलं पाहिलं. ते बाहेरच बसले आणि चिठ्ठी न वाचता तोंडानं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. बिल्ला घेतला, पदरानं पुसला.

"माफ नाई करत मी," त्या म्हणाल्या. "लोकं म्हनत राह्यले, किसन येडा व्हता, वरत येऊन मराले खाली गेला. म्या बी त्याले श्या देल्ल्या. मेलेल्या मानसाले. थे कसं वापस घेऊ?" मिस्तरी मान खाली घालून बसले होते. बाई उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्यापुढे ठेवला. "पन पोरगं रोज विहिरीवर जाते. तुमचं थे मोजनं बंद केलं तं याद राखा, मिस्तरी."

त्या गुरुवारी ते आले तेव्हा म्हणाले, थे पान वाचा आता. मी हजेरीचं पान काढलं. नाव पुकारलं जातं. तो माणूस नाही. त्याच्या जागी शेजारचा उत्तर देतो, "तो लढाईत पडला." मिस्तरींनी मला पुन्हा वाचायला लावलं. "हजर नाई म्हनत?" नाही म्हणत, मी म्हटलं. "मंग बरोबर हाये. खरं बोलत व्हते." आम्ही पुस्तक पुरं केलं. क्रिमिया झाला, बर्लिन झालं, लढाई संपली. त्यांनी विचारलं, "खदानीत वापस किती गेले?" पुस्तकात ते नव्हतं. मी पानं उलटसुलट करून शोधलं. "अधुरी हाये किताब," ते म्हणाले आणि फोटोतली डोकी एकदा शेवटची मोजून त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

पुढची तीन-चार वर्षं ते विहिरींवर जात राहिले, आता दिलीपच्या सायकलवर मागे बसून. दिलीप त्यांच्याशी फारसं गोड कधी बोलला नाही. पण सुरुंगाआधी तोही प्रत्येक डोक्याला हात लावून नाव विचारू लागला. मी वाचनालय बंद करताना अजूनही आत हाक मारते, कोण आहे का? उत्तर येत नाही, तरी कपाटांमागे जाऊन बघते. नव्या शिपायाला ते चमत्कारिक वाटतं. वाटू दे.

मिस्तरी गेले ते नागपूरच्या दवाखान्यात. श्वास लागला तेव्हा जीपमध्ये घालून नेलं, अनवाणीच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरापुढे बरीच माणसं जमली, सगळी खाणीतली आणि विहिरींवरची. त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. माणसं निघाली तेव्हा दिलीप दाराशी उभा राहिला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जो तो आपली चप्पल घाली, आपलं नाव सांगे आणि जाई. पंढरी गेला. शेवंताबाईही आल्या होत्या; त्यांनीही नाव सांगितलं आणि गेल्या.

सगळे गेल्यावर भिंतीलगत टायरच्या तळाचा एक जुना जोड उरला. शेजारच्या बाई चांगल्या मनानं म्हणाल्या, कोणाच्या तरी पायात येतील, आत नेऊन ठेवते. दिलीप म्हणाला, "राहू द्या." दुपार कलायला वेळ होता. ऊन सरकत सरकत भिंतीपर्यंत आलं, मग त्या चपलांवर आलं. मी शेजारीच उभी होते, हात रिकामे होते. मी त्यांना हात लावला नाही.